मुरबाडचे जावई, महूचे हेडमास्तर : सुभेदार रामजी सकपाळ

भिवंडी : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील एवढीच सुभेदार रामजी सकपाळ यांची ओळख बहुतेकांना असते. पण त्यांचं स्वतःचं आयुष्यही आठवावं असंच आहे. आपल्या ठाणे जिल्ह्याशी तर त्यांचं थेट नातं. त्यांच्या पत्नी भीमाबाई मुरबाडकरांच्या घरातल्या. म्हणजे सुभेदार मुरबाडचे जावई.

रामजींचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील मालोजी फौजेत होते, रामजीही फौजेत गेले. भीमाबाईंचे वडीलही सुभेदार. माहेर सुखवस्तू, सासर मात्र बेताच्या परिस्थितीचं. तरी दोघांनी संसार नेटाने केला.

त्या काळी गावच्या शाळेत महार समाजाच्या पोराला दारातही उभं करत नसत. फौजेत मात्र शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकणं सक्तीचं होतं. रामजी तिथे शिकले, शिक्षक झाले आणि चौदा वर्षं लष्करी शाळेचे हेडमास्तर राहिले. मराठी पक्कं, गणित पक्कं, इंग्रजीही चांगलं. सुभेदार या हुद्द्यापर्यंत ते पोचले. महूच्या छावणीत असताना १४ एप्रिल १८९१ रोजी धाकटा भीमराव जन्मला. हे चौदावं अपत्य. त्यातली बरीच लहानपणीच गेली. बाळाराम, आनंदराव, भीमराव हे तीन मुलगे आणि मंजुळा, तुळसा या दोन मुली जगल्या.

ज्या फौजेने शिकवलं तिनेच पुढे दार लावून घेतलं. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. रामजींची स्वतःची नोकरी झाली होती, पेन्शन ठरली होती. गप्प बसले असते तरी त्यांचं काही बिघडत नव्हतं. पण पुढच्या पोरांचं काय? त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांकडे खेटे घातले आणि बंदीविरुद्ध सरकारकडे अर्ज करवला. तेव्हा यश आलं नाही. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, रामजींच्या पश्चात.

निवृत्तीनंतर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. पेन्शन महिना ५० रुपये. तेवढ्यात भागेना म्हणून रामजींनी साताऱ्यात पुन्हा नोकरी धरली. तिथेच १८९६ मध्ये भीमाबाई गेल्या. भीमराव तेव्हा पाच वर्षांचा. रामजींची बहीण मीराबाई हिने पोरांना सांभाळलं. पुढे रामजींनी दुसरं लग्न केलं. ते धाकट्याला अजिबात रुचलं नाही, आईची जागा दुसऱ्या कुणी घ्यावी हे त्याला सहन झालं नाही. घरात हा सल राहिला. पण बापाने पोरांच्या शिक्षणावरची नजर ढळू दिली नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावाचं नाव साताऱ्याच्या हायस्कुलात दाखल झालं. हा दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिन म्हणून पाळतात.

पुढच्या वर्षी रामजी कोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते. सुट्टीत पोरांना त्यांनी भेटायला बोलावलं. पोरं मसूर स्टेशनवर उतरली, पण घ्यायला कोणीच नाही. येत असल्याचं पत्र आलं होतं, नोकर ते रामजींना द्यायला विसरला. जात कळल्यावर बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी पोरांनीच हाकायची या अटीवर एकजण कबूल झाला. वाटेत प्यायला पाणी मिळालं नाही. रात्र काढून पोरं बापाजवळ पोचली. सुभेदाराची पोरं, अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे, तरी घोटभर पाणी नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला.

रामजी कबीरपंथी. दारू नाही, मांसाहार नाही. पहाटे आणि रात्री घरात भजनं, अभंग, रामायण-महाभारताचं वाचन. पोरांनी त्याला बसायचंच. शिस्त फौजेची, पण जीव तेवढाच लावायचे.

१९०४ च्या सुमारास बिऱ्हाड मुंबईत आलं. परळ भागातल्या डबक चाळीत एकच खोली. त्यातच चूल, जातं आणि सगळ्यांची झोप. दोन पोरांच्या हायस्कुलचा खर्च झेपत नव्हता, म्हणून आनंदरावाला शाळा सोडून कामाला लागावं लागलं. भीमरावाच्या शिक्षणात या भावाचाही वाटा आहे, हे विसरता येत नाही. रात्री भीमराव लवकर झोपायचा. म्हातारे सुभेदार दोन वाजेपर्यंत जागत बसायचे, मग त्याला अभ्यासाला उठवायचे आणि त्याने सोडलेल्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे.

पोराला पुस्तक हवं असलं आणि घरात पैसा नसला की रामजी लग्न झालेल्या मुलीचं दार गाठत. तिच्याकडेही नसला तर दुसरीकडे जात, तिचा एखादा दागिना मागून घेत आणि गहाण टाकत. पुस्तक घरी येई. पेन्शन हातात पडली की दागिना सोडवून मुलीला परत देत.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला आणि पुढे बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला. जानेवारी १९१३ मध्ये तो बडोदा संस्थानात नोकरीला गेला. तिथे जातीचा त्रास होईल हे ओळखून रामजींनी नको म्हटलं होतं. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यायला भीमराव सुरतेला उतरला आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोचला तेव्हा रामजींचा जीव जणू त्याच्यासाठीच अडकला होता. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३.

त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. ते बघायला सुभेदार नव्हते. दहा वर्षांनी, १९२३ मध्ये, रुपयाच्या प्रश्नावरचा त्याचा ग्रंथ लंडनमध्ये छापला गेला. शिक्षणासाठी आईवडिलांनी सोसलं त्याची जाण म्हणून तो त्याने त्या दोघांच्या स्मृतीला अर्पण केला. मुरबाडच्या लेकीचा आणि आंबडव्याच्या सुभेदाराचा संसार असा ग्रंथाच्या पहिल्या पानावर गेला.

सुभेदार रामजी सकपाळ यांना विनम्र अभिवादन!