एलिझाबेथ ब्राउनिंग, फ्लश आणि करुणेचा हिशेब

कुत्रा पाळणे हा पोट भरलेल्यांचा चोचला आहे, असे चळवळीतील अनेकांना वाटते. आम्हाला हे मत मान्य नाही. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेले बाबासाहेबांच्या कुटुंबाचे छायाचित्र वाचकांच्या पाहण्यात असेल. त्यात माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव यांच्यासोबत टॉबी हा बाबासाहेबांचा लाडका कुत्राही आहे. गुराढोरांना मोकळे असलेले चवदार तळे माणसांना मोकळे व्हावे म्हणून १९२७ साली महाडला ज्यांनी ओंजळीने पाणी घेतले, त्यांच्या घरात कुत्र्याला जागा होती. आमचे भांडण मुक्या जनावराशी कधीच नव्हते. जनावराला घरात घेऊन माणसाला उंबरठ्याबाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेशी ते होते आणि आहे.

शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या आमच्या कुटुंबांतूनही आता कुत्री पाळली जातात. फ्लॅटमध्ये लांब कानांचे स्पॅनिअल दिसतात. म्हणूनच जगातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध स्पॅनिअलच्या मालकिणीचे, एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग या इंग्रज कवयित्रीचे आयुष्य वाचकांपुढे ठेवणे आम्हाला अगत्याचे वाटते.

एलिझाबेथचा जन्म ६ मार्च १८०६ रोजी इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात झाला. बारा भावंडांत ती थोरली. घर श्रीमंत होते. पण ही श्रीमंती आली कोठून? जमैका बेटावरील उसाच्या मळ्यांतून. त्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या पिढ्या गुलाम म्हणून राबत होत्या. त्यांच्या घामावर इंग्लंडमध्ये बॅरेट घराण्याचे वाडे उभे होते. १८३३ साली ब्रिटिश संसदेने गुलामगिरी नष्ट करण्याचा कायदा केला तेव्हा बापाला नुकसान दिसले, मुलीला मात्र आनंद झाला. स्वतःच्या घराचे उत्पन्न बुडत असताना गुलामाच्या सुटकेने आनंदणारी माणसे इतिहासात फार नाहीत.

ही मुलगी स्वतःही मोकळी नव्हती. पंधराव्या वर्षापासून आजारपण मागे लागले. फुप्फुसे दुबळी, अफूच्या औषधाची सवय. बाप असा हुकूमशहा की एकाही मुलाला वा मुलीला लग्न करण्याची परवानगी नाही. जुलै १८४० मध्ये तिचा सर्वांत लाडका भाऊ एडवर्ड टॉर्कीजवळ समुद्रात बुडाला. त्या धक्क्याने ती जगण्यातूनच उठली. अशा वेळी मेरी रसेल मिटफर्ड या लेखिका मैत्रिणीने तिला एक कॉकर स्पॅनिअल पाठवला. तोच फ्लश. साल १८४१.

स्पॅनिअल ही मुळात शिकारीची जात. झुडपात घुसून लपलेले पक्षी उडवायचे, हे त्याचे काम. त्या उडवण्यालाच इंग्रजीत फ्लश म्हणतात. असा रानात धावणारा जीव लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील ५० क्रमांकाच्या घरात, पडदे ओढलेल्या खोलीत, आजारी बाईच्या पायाशी येऊन पडला. ती त्याला हाताने भरवी, केक देई. स्वतःला जेवण जात नसे, म्हणून ताटातील कोंबडी गुपचूप त्याच्यापुढे सरकवी. आपली सोबत करण्यासाठी फ्लशने ऊन, वारा आणि रान सोडले याची तिला पुरेपूर जाणीव होती. त्याच्यावर तिने कविता लिहिली आणि ती १८४४ च्या तिच्या संग्रहात आली.

इथे आम्ही वाचकांना थांबायला सांगू. फ्लश लाडात होता, पण सुखी होता काय? बंद खोलीत लोळणारा, केक खाणारा स्पॅनिअल हा लाडावलेला कैदीच. या जातीला रोजचे धावणे लागते, वास घेत भटकणे लागते. ते मिळाले नाही तर तो जाड होतो, चिडका होतो, भुंकत सुटतो. एकटेपणा तर त्याला अजिबात सोसत नाही. फ्लशचेही तसेच झाले. १८४६ च्या जुलैमध्ये एलिझाबेथला भेटायला येणाऱ्या कवी रॉबर्ट ब्राउनिंगला तो चावला. एकदा नव्हे, दोनदा. रॉबर्टने त्याला मारले नाही. केक आणून त्याच्याशी मैत्री केली.

त्या काळी लंडनमध्ये श्रीमंतांची कुत्री पळवून खंडणी मागणाऱ्या टोळ्या होत्या. पैसे न दिल्यास कुत्र्याचे मुंडके घरी पाठवण्याची धमकी असे. फ्लश तीन वेळा चोरीला गेला. तिसरी चोरी सप्टेंबर १८४६ मधली. बाप आणि भाऊ म्हणाले, पैसे द्यायचे नाहीत. रॉबर्टनेही तत्त्वाचा मुद्दा काढला : खंडणी देणे म्हणजे अन्यायाला बळ देणे. मुद्दा चुकीचा नव्हता. पण तत्त्वाची किंमत मुक्या जनावराने का मोजावी, हा एलिझाबेथचा सवाल होता. वर्षानुवर्षे खोली न सोडणारी ही बाई उठली, विल्सन या आपल्या मोलकरणीला सोबत घेतले, घोडागाडी केली आणि शोरडिचच्या दरिद्री वस्तीत टोळीच्या म्होरक्याच्या घरी थेट जाऊन धडकली. शेवटी सहा गिन्या मोजून फ्लश परत आला.

या फेरीचे मोल आम्हाला सहा गिन्यांहून मोठे वाटते. खाणी आणि गिरण्यांत राबणाऱ्या लहान मुलांवर तिने १८४३ सालीच कविता लिहिली होती, पण ती सरकारी अहवाल वाचून. शोरडिचला तिने दारिद्र्य डोळ्यांनी पाहिले. १८५६ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑरोरा ली' या तिच्या पद्य कादंबरीतील लंडनच्या गलिच्छ वस्तीचे चित्र वाचताना त्या दिवसाची आठवण होते. कुत्र्याच्या मायेने तिला माणसांच्या वस्तीत नेले.

आणि बापाच्या घराबाहेरही. १२ सप्टेंबर १८४६ रोजी, म्हणजे फ्लश परतल्यानंतर आठवड्याभरातच, तिने रॉबर्टशी गुपचूप लग्न केले. १९ तारखेला तिने विंपोल स्ट्रीट सोडला. सोबत विल्सन आणि फ्लश. बापाने तिचे तोंड पुन्हा पाहिले नाही. तिची पत्रे त्याने न फोडताच परत केली.

इटलीत, आधी पिसा आणि मग फ्लॉरेन्सच्या कासा गुइदी या घरात, फ्लशचे खरे सुख सुरू झाले. तिथे चोरांची भीती नव्हती, साखळी नव्हती. तो रस्त्यांवर एकटा हिंडे, इतर कुत्र्यांत मिसळे. पिसवांनी हैराण झाला तेव्हा रॉबर्टने त्याचे झुपकेदार केस कापून टाकले. रुबाब गेला, जीव सुखावला. १८४९ साली एलिझाबेथला मुलगा झाला तेव्हा फ्लश काही दिवस रुसला, पण त्याला कुणी दूर लोटले नाही. मग बाळाने कान ओढले तरी तो ते सोसू लागला. १८५४ साली तो वारला आणि कासा गुइदीच्या तळघरात त्याला पुरले. मालकीण मोकळी झाली तेव्हाच कुत्रा मोकळा झाला, हा या आयुष्याचा पहिला धडा.

दरम्यान तिची लेखणी गप्प नव्हती. पळून गेलेल्या गुलाम स्त्रीवरची तिची जहाल कविता बॉस्टनच्या गुलामगिरीविरोधी वार्षिकात १८४८ च्या अंकात आली. त्याच साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. पुढे १८७३ साली जोतिरावांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. ज्या लढ्याला एलिझाबेथने शब्द दिले, त्याच लढ्याला जोतिरावांनी मुजरा केला. ही नाळ आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावी.

परंतु आरती ओवाळणे हे आमचे काम नव्हे. शोरडिचच्या वस्तीत जिने सोबत केली, पळून जाताना जी सावलीसारखी राहिली, त्या विल्सनने इटलीतच एका नोकराशी लग्न केले. १८५५ साली ब्राउनिंग कुटुंब इंग्लंडला आलेले असताना तिला मुलगा झाला. इटलीला परतायची वेळ आली तेव्हा नोकरी टिकवायची तर बाळ सोबत नेता येणार नव्हते. तान्हे मूल बहिणीजवळ ठेवून ती आई मालकिणीच्या मुलाला सांभाळायला परत गेली. ज्या घराने कुत्र्याला समुद्रापलीकडे नेले, त्या घरात मोलकरणीच्या बाळाला जागा झाली नाही. दूरच्या गुलामासाठी रडणाऱ्या कवयित्रीला घरातली आई दिसली नाही. २९ जून १८६१ रोजी फ्लॉरेन्समध्ये तिचा मृत्यू झाला. तिचे मोठेपण आम्ही नाकारत नाही, पण हा हिशेबही पुसत नाही.

तेव्हा आमच्या बंधू-भगिनींनी कुत्रा जरूर पाळावा. स्पॅनिअल घेतला असेल तर त्याला रोज सकाळ-संध्याकाळ मोकळे हिंडवावे, केस विंचरावेत, लोंबत्या कानांत ओल राहून ते चिघळतात म्हणून ते तपासून कोरडे ठेवावेत, केक-चॉकलेटचे लाड करू नयेत, रेबीजची लस चुकवू नये, दिवसभर त्याला एकटे कोंडू नये. आणि ज्या बाई आपल्या घरी धुणीभांडी करतात, कुत्र्याचे केस झाडतात, त्या कोठे बसून चहा पितात, कोणत्या कपातून पितात, त्यांचे आजारी मूल कोणाजवळ असते, हेही एकदा पाहावे. कुत्रा सोफ्यावर आणि बाई जमिनीवर, असे घर मनुवाद्याचे असो वा आमचे, ते आम्हाला मान्य नाही.