रेशमाच्या व्यापाऱ्यानं इटलीला तिच्याच शहरांची चव सांगितली, कोण होता हा आर्तुसी?

चिखलीचा माणूस पुण्यात 'अस्सल महाराष्ट्रीय थाळी' अशी पाटी बघतो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न पडतो, कुठल्या महाराष्ट्रातली? रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊन वाढलेल्याला नारळाच्या वाटणाची आमटी आपली वाटत नाही. इटलीतही तसंच आहे. तिथं जेवण देशाचं नसतं, शहराचं असतं. ही शहराशहरांची चव एका पुस्तकात आणून घरोघरी पोचवली पेल्लेग्रीनो आर्तुसीनं. गंमत म्हणजे हा गडी आचारीही नव्हता आणि हॉटेलवालाही नव्हता.

४ ऑगस्ट १८२० ला फोर्लिम्पोपोली नावाच्या छोट्या गावात त्याचा जन्म झाला. तेव्हा इटली नावाचा एक देशच नव्हता, या भागावर पोपचं राज्य होतं. वडिलांचं किराणाचं दुकान होतं, घरात पैसा होता. जानेवारी १८५१ मध्ये पास्सातोरे या नावानं कुप्रसिद्ध असलेल्या दरोडेखोरानं टोळीसह गाव ताब्यात घेतलं. गावातली बडी मंडळी नाटक बघत होती, त्यांना थिएटरातच कोंडलं आणि घरं लुटली. आर्तुसींचं घरही लुटलं. त्या रात्रीच्या अत्याचारातून त्याची बहीण गेर्त्रूदे कधीच सावरली नाही, तिचा शेवट वेड्यांच्या इस्पितळात झाला.

कुटुंबानं गाव सोडलं आणि फ्लॉरेन्स गाठलं. तिथं आर्तुसीनं रेशमाच्या व्यापारात चांगला पैसा कमावला. लग्न केलं नाही. पंचेचाळिशीच्या आसपास धंद्यातून बाजूला झाला.

त्याचं फिरणं आणि बाहेर खाणं मात्र आधीपासून चालू होतं. १८५५ मध्ये तो लिव्होर्नो या बंदराच्या शहरात गेला. एका खानावळीत मिनेस्त्रोने, म्हणजे भाज्यांचं दाट सूप प्यायला आणि दोमेनिची नावाच्या माणसाकडे मुक्कामाला गेला. रात्रभर पोटात कालवाकालव. सगळा दोष त्यानं सुपाला दिला आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं फ्लॉरेन्सला परतला. दोन दिवसांत बातमी आली की लिव्होर्नोत कॉलरा पसरलाय आणि पहिला बळी खुद्द दोमेनिची आहे. सूप बिचारं निर्दोष होतं! पुढे मिनेस्त्रोनेची कृती देताना त्यानं हा किस्साही लिहून ठेवला.

रोममध्ये 'ले वेनेते' नावाच्या खानावळीत त्यानं 'साल्तिम्बोक्का' खाल्लं. वासराच्या मांसाच्या पातळ कापांवर हॅम आणि सेजचं पान लावून केलेला हा पदार्थ. स्वतः चाखला असल्यामुळे तो कसा करतात, हे त्याला नेमकं सांगता आलं.

पदार्थ ऐकायचा किंवा खायचा आणि मग घरच्या स्वयंपाकघरात करून बघायचा, ही त्याची पद्धत. चुलीपाशी असायचे आचारी फ्रांचेस्को रुफिल्ली आणि घर सांभाळणारी मारिएत्ता साबातीनी. पुस्तक तयार झालं, पण छापायला प्रकाशक मिळेना. शेवटी १८९१ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यानं स्वखर्चानं १००० प्रती काढल्या. नाव होतं 'स्वयंपाकघरातलं शास्त्र आणि चांगलं खाण्याची कला'. सुरुवातीला खप यथातथाच होता. मग वाचक, विशेषतः बायका, पत्रं पाठवून आपापल्या गावच्या कृती कळवू लागल्या. ४७५ कृतींचं पुस्तक वाढत वाढत ७९० वर गेलं.

इटली १८६१ मध्ये एक झाली, तरी बहुतेक लोक आपापली बोली बोलत होते. आर्तुसीनं सगळ्यांना कळेल अशा इटालियनमध्ये लिहिलं, पण पदार्थांना चिकटलेली गावांची नावं ठेवली. मिलानचा रिसोत्तो मिलानचाच राहिला.

इटलीत पारंपरिक खानावळ शोधताना नेमकं हेच कामाला येतं. चौकातल्या मोठ्या स्मारकासमोर, फोटोंचं मेन्यूकार्ड लावून सगळ्या देशाचे पदार्थ देणारं हॉटेल दिसलं, तर दोन गल्ल्या आत जावं. तिथं 'त्रात्तोरिया' म्हणजे साधी, बहुधा एखाद्या कुटुंबानं चालवलेली खानावळ सापडते. मेन्यूत त्या शहराचे पदार्थ किती, ते बघावं. बोलोन्यात 'स्पगेटी बोलोनीज' मागू नये. तिथं खिम्याचा तो रस्सा ताल्यातेल्ले या चपट्या पास्त्यावर घालतात.

३० मार्च १९११ ला फ्लॉरेन्समध्ये आर्तुसी गेला. पुस्तकाचे हक्क त्यानं फ्रांचेस्को आणि मारिएत्ताच्या नावे केले होते. फोर्लिम्पोपोलीत २००७ पासून त्याच्या नावानं 'कासा आर्तुसी' हे केंद्र चालतं. तिथं हातानं पास्ता लाटायला शिकवणाऱ्या गावच्या बायकांना 'मारिएत्ते' म्हणतात.