यंत्रविशारद यूजीन हूड्री

कुरखेड्याहून कोरचीच्या वाटेस लागले म्हणजे बेडगावचा घाट लागतो. आमच्या एका स्नेह्यांची जुनी मोटार मागील हिवाळ्यात या घाटात एखाद्या दमेकऱ्याप्रमाणे धापा टाकू लागली. सपाटीवर ती बरी चाले. चढ आला की पाय कितीही दाबला तरी वेग वाढेना, आणि उभी केली असता खालून कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येई. पेट्रोलची गाळणी बदलून झाली, हवेची जाळी झाडून झाली. दोष काही सापडेना. अखेर कुरखेड्याचे एक वयस्क मिस्त्री गाडीखाली निजले आणि सायलेन्सरच्या अलीकडे असलेल्या एका लोखंडी डब्यावर त्यांनी लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकून पाहिले. आत खडे भरल्यासारखा खुळखुळ आवाज आला. डब्याच्या अलीकडील नळीत बसविलेला सेन्सर काढून त्या भोकास त्यांनी दाबमापक जोडला व इंजिन जोरात चालविले, तो काटा वरवर चढू लागला. धूर बाहेर पडण्याची वाटच कोंडली होती!

या डब्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असे म्हणतात. त्याच्या पोटात पक्क्या भाजलेल्या मातीचे, बारीक बारीक छिद्रांचे एक मोहोळ असते व त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा अत्यंत विरळ लेप दिलेला असतो. ज्या पुरुषाने मोटारीच्या धुरासाठी अशी युक्ती प्रथम सिद्ध करून दाखविली, त्याचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे असे आम्हांस वाटते. कारण ज्या पेट्रोलचा तो धूर, तेही मुबलक करून देणारा हाच पुरुष होता.

यूजीन हूड्री यांचा जन्म 18 एप्रिल 1892 रोजी फ्रान्स देशात पॅरिस शहराजवळील दोमाँ या गावी झाला. वडील पोलादाचे मोठे कारखानदार होते. यूजीन यांनी यंत्रशास्त्राचे शिक्षण घेतले व ते वडिलांच्या धंद्यात शिरले. एवढ्यात पहिले महायुद्ध पेटले. त्या वेळी रणगाडे हे नवीनच अस्त्र होते. त्या दलात हूड्री होते आणि 1917 साली ते जबर जखमी झाले. त्यांच्या शौर्याबद्दल फ्रेंच सरकारने त्यांस पदक दिले.

युद्ध संपल्यावर घरी बसून श्रीमंती भोगणे त्यांस सहज शक्य होते. परंतु त्यांस शर्यतीच्या मोटारींचा विलक्षण नाद होता. यंत्र कितीही उत्तम केले तरी त्यात घालावयाचे पेट्रोलच हिणकस असेल तर ते इंजिनात अवेळी भडकून ठोके देते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि यंत्रशास्त्राचा हा पदवीधर रसायनशास्त्राच्या आडरानात शिरला. फ्रान्सजवळ स्वतःचे तेल फारसे नव्हते. म्हणून हलक्या प्रतीच्या दगडी कोळशापासून पेट्रोल काढण्याचा खटाटोप त्यांनी आरंभिला. तो खर्चात परवडेना, आणि सरकारनेही हात आखडता घेतला. हे अपयश लहान नव्हते. मात्र त्यातूनच जड खनिज तेलाचे पेट्रोल करण्याचा मार्ग त्यांस दिसला.

येथे उत्प्रेरक म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आपल्याकडे सोयरीक जुळविणारा मध्यस्थ असतो. तो दोन्ही घरांची गाठ घालून देतो, लग्न लागते, आणि मध्यस्थ होता तसाच पुढल्या घरी जावयास मोकळा! रसायनक्रियेत उत्प्रेरकाचे काम असेच असते. त्याच्या सान्निध्यात क्रिया झपाट्याने होते. तो स्वतः खर्ची पडत नाही. हूड्री यांनी एकामागून एक असे कितीतरी पदार्थ या कामी पारखले आणि 1927 साली त्यांस हवा तो उत्प्रेरक गवसला. तो म्हणजे सोने नव्हे की रुपे नव्हे, तर सिलिका व ॲल्युमिना असलेली एक प्रकारची माती!

पण एक अडचण होती. तेल फुटताना मातीवर कोळशाचा थर बसे व थोड्याच वेळात ती निकामी होई. इतरांनी ती फेकून दिली असती. हूड्री यांनी तेलाचा प्रवाह थांबवून त्या मातीतून हवा सोडली. कोळसा जळून गेला व माती पुन्हा ताजी झाली. एका भांड्यात तेल फुटत आहे तोवर दुसऱ्यातील माती शुद्ध होत आहे, अशी आळीपाळीची योजना त्यांनी केली. 1930 साली ते अमेरिकेस गेले आणि 1937 मध्ये पेनसिल्व्हेनिया प्रांतातील मार्कस हुक येथे सन ऑइल कंपनीचा मोठा कारखाना या रीतीने चालू झाला. निव्वळ उष्णतेने तेल फोडण्याच्या जुन्या रीतीत चांगले पेट्रोल सुमारे चौथा हिस्सा निघे. येथे ते जवळजवळ निम्मे निघू लागले. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांस लागणाऱ्या उंची पेट्रोलासाठी ही रीत फार उपयोगी पडली. इकडे मायदेश जर्मनांच्या टाचेखाली गेला असता हूड्री यांनी तेथील व्हिशी सरकारास उघड विरोध केला. त्या सरकारने 1941 साली त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. पुढील वर्षी ते अमेरिकेचे नागरिक झाले.

युद्धानंतर त्यांच्यापाशी कीर्ती होती, धन होते, वयही साठीकडे झुकले होते. त्या सुमारास लॉस एंजेलिस शहरावर मोटारींच्या धुराचे पटल धरू लागले होते. या धुराने माणसांच्या फुप्फुसांस अपाय होतो, कर्करोगही होत असावा, ही चिंता हूड्री यांस लागली. त्यांनी नवी कंपनी काढली, आणि ज्या उत्प्रेरकाने पेट्रोल दिले त्याच्याच जातीच्या उपायाने त्याचा धूर निवविण्याचे काम हाती घेतले. इंजिनातून अर्धवट जळलेले पेट्रोल व प्राणघातक कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात. उत्प्रेरकाच्या योगे त्यांचा प्राणवायूशी संयोग घडवून त्यांची वाफ व कार्बन डायऑक्साइड करावयाची, ही त्यांची कल्पना. 1956 साली तिचे पेटंट त्यांस मिळाले.

तरीही मोटारींस ते यंत्र लाभले नाही. पेट्रोलाने ठोके देऊ नयेत म्हणून त्या काळी त्यात शिशाचे एक संयुग मिसळीत. हे शिसे धुराबरोबर येऊन उत्प्रेरकावर बसे. कोळशाचा थर हूड्री जाळू शकले होते. शिशाचा थर जळत नाही. सुधारणा यंत्रात नव्हे, पेट्रोलात व्हावयास हवी होती, आणि ती एकट्या शोधकाच्या हातची नव्हती. 18 जुलै 1962 रोजी हूड्री निवर्तले, तेव्हा रस्त्यावरील मोटारी पूर्वीसारख्याच धूर ओकीत होत्या. त्यानंतर 8 वर्षांनी अमेरिकेत शुद्ध हवेचा कडक कायदा झाला, आणि 1975 पासून तेथील बहुतेक नव्या मोटारींस हा डबा लागला व शिसेरहित पेट्रोल मिळू लागले. आपल्या देशात 1 एप्रिल 1995 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल मोटारींस तो सक्तीचा झाला. शिसेरहित पेट्रोल मात्र सर्व देशभर होण्यास फेब्रुवारी 2000 उजाडले.

आमच्या स्नेह्यांच्या मोटारीत शिशाचा दोष नव्हता. मिस्त्रींनी डबा उतरवून एका तोंडाशी विजेरी धरली; चांगल्या डब्यातून पलीकडे उजेड दिसतो, यातून काहीच दिसेना. मोहोळ वितळून त्याचा गोळा झाला होता व कडेचे तुकडे सुटून खुळखुळत होते. स्नेह्यांनी नवा डबा त्याच दिवशी आणविण्याची घाई केली. मिस्त्रींनी ती चालू दिली नाही. निरोगी इंजिनाखालचा डबा असा वितळत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी चारही प्लग काढले, तेव्हा एक काळा व ओला निघाला. त्यावरची कॉइल नादुरुस्त होती. ठिणगी चुके, न जळलेले पेट्रोल तसेच डब्यात जाई आणि तेथे पेटून मोहोळास वितळवी. कॉइल न बदलता नवा डबा बसविला असता तर काही महिन्यांत त्याचीही तीच गत होती, आणि डब्याची किंमत काही थोडी नव्हे.

प्रथम कॉइल व प्लग बदलले. मग नागपूरहून डबा आला. गंजलेले बोल्ट रात्रभर तेलात भिजवून ठेवले होते, ते सकाळी न तुटता सुटले. नव्या गॅस्केट घातल्या. डब्यावरील बाण धुराच्या दिशेने, म्हणजे मागील बाजूस, आहे ना हे मिस्त्रींनी दोनदा पाहिले. सेन्सर पुन्हा जागी बसवून त्यांनी इंजिन चालविले व सांध्यांपाशी हात फिरवून कोठे धूर निसटतो का ते तपासले. त्याच सायंकाळी आम्ही चौघे त्या मोटारीतून बेडगावचा घाट चढून गेलो.