टेटे क्वार्शी

चॉकोलेटची वडी आपल्यापैकी पुष्कळांनी खाल्ली असेल; परंतु ज्या कोकोच्या बियांपासून ती तयार होते, त्या बियांनी एका देशाचे भाग्य घडविले आणि पुढे त्यास संकटातही लोटले, हे थोड्यांसच ठाऊक असेल. तो देश म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील घाना. इंग्रजी अमलात त्यास गोल्ड कोस्ट, म्हणजे सुवर्णकिनारा, म्हणत. तेथे कोकोची लागवड रुजविण्याचे श्रेय ज्यांस दिले जाते, त्या टेटे क्वार्शी यांचे हे अल्प चरित्र.

क्वार्शी यांचा जन्म १८४२ साली, आता आक्रा शहरात मोडणाऱ्या ओसू या गावी झाला. त्या प्रांतात स्वित्झर्लंडमधील बाझल मिशनचे कार्य चालत असे. मंगळुरी कौले कोकणात घरोघर माहीत आहेत; मंगळूर येथे १८६५ साली कौलांचा कारखाना काढणारे मिशन तेच. धर्मोपदेशाबरोबर लोकांच्या हातास उद्योग द्यावा, अशी त्याची रीत होती. मिशनच्या कर्मशाळेत क्वार्शी लोहारकाम शिकले व त्यात निष्णात झाले.

१८७० साली ते फर्नांदो पो या स्पेनच्या ताब्यातील बेटावर गेले. तेथे कोकोचे मळे होते. सुमारे सहा वर्षांनी मायदेशी परतताना त्यांनी कोकोचे बी बरोबर आणिले. मिशनच्या लोकांनी पूर्वी हाच प्रयत्न केला होता. पण त्यास म्हणावे तसे यश आले नव्हते. १८७९ साली क्वार्शी यांनी आक्वापिम डोंगरावरील माम्पाँग गावी रोपे लाविली. कोवळ्या कोकोस ऊन सोसत नाही, आणि फळ धरण्यास चार-पाच वर्षे लागतात. लोखंड तापताच घाव घालणाऱ्या या लोहाराने तितकी वर्षे धीर धरिला. फळे आली, तेव्हा त्यांचे बी आप्तेष्टांकडे व शेजाऱ्यांकडे गेले. १८९२ च्या नाताळच्या दिवशी क्वार्शी निवर्तले. त्याच्या आदल्याच वर्षी देशातून परदेशी गेलेला कोको अवघा ८० पौंड, म्हणजे एक पोतेही भरणार नाही इतका, होता.

यानंतर वीस वर्षांत जे घडले, ते पाहण्यास ते नव्हते. १९११ साली सुमारे ४०,००० टन कोको निर्यात होऊन गोल्ड कोस्ट जगात पहिला ठरला. ही वाढ गोऱ्या मळेवाल्यांनी केली नाही. आबुरीच्या सरकारी बागेतून रोपे मिळत, हे खरे. परंतु आक्वापिमच्या लहान शेतकऱ्यांनी पाम तेल वगैरेंच्या व्यापारात साठविलेला पैसा एकत्र केला, शेजारच्या आकिम मुलुखातील रानजमिनी विकत घेतल्या आणि स्वतःच्या कष्टाने त्या लागवडीस आणिल्या.

मात्र पीक शेतकऱ्याचे असले, तरी भाव ठरविणारे दुसरेच होते. परदेशी कंपन्यांनी आपसात भाव बांधून घेतला, तेव्हा १९३७-३८ च्या हंगामात शेतकऱ्यांनी एकजुटीने माल विकण्याचे नाकारिले. १९४७ साली खरेदीसाठी सरकारी मंडळ स्थापन झाले. १९५७ साली देश स्वतंत्र झाल्यावर क्वामे एन्क्रुमा यांच्या सरकारने कोकोच्या उत्पन्नाच्या आधारे शाळा, रस्ते, कारखाने व आकोसोम्बोचे धरण असे मोठे बेत हाती घेतले. परंतु १९६५ साली विक्रमी पीक आले, आणि त्याच सुमारास जगात कोकोचा भाव कोसळला! तिजोरी रिती, कर्ज डोईजड. १९६६ साली लष्कराने ते सरकार उलथून पाडिले. पुढील सरकारांनीही शेतकऱ्यास भाव कमीच दिला. त्यामुळे बागा दुर्लक्षिल्या गेल्या आणि पुष्कळसा माल चोरवाटेने सीमेपार जाऊ लागला. काही वर्षांतच शेजारच्या आयव्हरी कोस्टने पहिला क्रमांक घेतला.

यात दोष त्या बियांचा नव्हे. एकाच पिकावर सर्व देशाचा संसार उभा राहिला, पुष्कळसे बी कच्चेच परदेशी गेले, आणि ज्याने घाम गाळिला त्याच्या पदरी थोडे पडले. दोष असेल तर तो येथे आहे. माम्पाँग येथील रुग्णालयास आज क्वार्शी यांचे नाव आहे, आणि त्यांची बागही तेथे दाखविली जाते. यापुढे चॉकोलेटची वडी हाती घ्याल, तेव्हा त्या लोहाराचे स्मरण करा, आणि तिच्या किमतीतील किती भाग कोको पिकविणाऱ्याच्या घरी पोहोचला असेल, याचाही विचार करा.