हर्मन जोसेफ म्युलर : गुणसूत्रांच्या टोकांचा शोध

क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला आणि पुढील तीस वर्षांत हे किरण वैद्यकाच्या सेवेत इतके रुळले, की त्यांचे भय बाळगावे असे फारसे कोणाला वाटेनासे झाले. अमेरिकेत तर पादत्राणांच्या दुकानांतही, बूट पायात नीट बसतो की नाही हे पाहण्यासाठी, क्ष-किरणांची पेटी ठेवलेली असे. या किरणांनी कातडी भाजते हे ठाऊक होते. परंतु शरीरात खोलवर, पुढील पिढीकडे जाणाऱ्या बीजात ते काय मोडतात, याचा निर्विवाद पुरावा कोणापाशी नव्हता. तो पुरावा हर्मन जोसेफ म्युलर यांनी दिला. या मोडतोडीचा हिशेब मांडता मांडताच गुणसूत्रांच्या टोकांची घडण काही निराळी असली पाहिजे, हेही त्यांच्या ध्यानात आले. त्या टोकांना आज सारे जग टेलोमियर म्हणते. हे नाव म्युलर यांनीच दिलेले आहे.

म्युलर यांचा जन्म २१ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. ते नऊ वर्षांचे असताना वडील वारले आणि घरची परिस्थिती बेताचीच राहिली. माध्यमिक शाळेत असताना त्यांनी सोबत्यांना घेऊन विज्ञान मंडळ काढले. शाळांतून अशी मंडळे ज्या काळी जवळजवळ नव्हतीच, त्या काळातील ही गोष्ट आहे. सोळाव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून ते कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी त्यांनी हॉटेलात कारकुनी केली, परदेशांतून आलेल्या लोकांना रात्रीच्या वर्गात इंग्रजी शिकविले. तेथेच थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत त्यांचा फळमाशीशी परिचय झाला. पिकल्या केळ्यावर घोंघावणारा हा क्षुद्र जीव त्यांना जन्मभर पुरला.

१९२६ साली टेक्सास विद्यापीठात त्यांनी माश्यांना जिलेटिनच्या कुप्यांत घालून क्ष-किरणांखाली ठेवले. प्रयोगाची खरी करामत मात्र किरणांत नव्हती, मोजणीत होती. म्युलर यांनी माश्यांचा एक खास वाण तयार केला होता. त्याच्याशी संकर केल्यावर एखाद्या बाटलीतील प्रजेत नर मुळीच निपजले नाहीत, तर एका विशिष्ट गुणसूत्रावर प्राणघातक बदल घडला, हे नुसत्या नजरेने कळे. क्ष-किरणांची मोठी मात्रा दिलेल्या माश्यांत हे बदल नेहमीच्या सुमारे दीडशे पट आढळले. १९२७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि म्युलर यांचे नाव जगभर पोहोचले.

कीर्तीने स्वास्थ्य मात्र दिले नाही. सहकाऱ्यांशी श्रेयावरून वाद, कौटुंबिक ताण आणि डाव्या विचारांमुळे ओढवलेला सरकारी संशय यांनी त्यांचे मन इतके खचले, की १९३२च्या आरंभी ते अक्षरशः मृत्यूच्या दारातून परत आले. त्याच वर्षी ते बर्लिनला गेले. तेथे हिटलरची सत्ता आली. निकोलाय वाविलोव यांच्या निमंत्रणावरून ते सोव्हिएत रशियात गेले. तेथे लायसेंको यांचा उदय झाला. गुणसूत्रे आणि जनुके हा भांडवलदारांचा भ्रम आहे, असे सांगणाऱ्यांना राज्यकर्त्यांचा आश्रय मिळू लागला. १९३६च्या डिसेंबरात मॉस्कोतील जाहीर वादात म्युलर लायसेंको यांच्या विरोधात उभे राहिले. परक्या देशात, त्या दिवसांत, हे साहस लहान नव्हते. पुढे रशिया सोडण्यासाठी त्यांनी स्पेनच्या यादवी युद्धातील रक्तसंक्रमण पथकाचा मार्ग धरला. काही आठवडे माद्रिदमध्ये काम करून १९३७ साली ते एडिंबरोला पोहोचले. वाविलोव मायदेशीच राहिले आणि १९४३ साली सारातोवच्या तुरुंगात मरण पावले.

इतक्या स्थलांतरांतही एक कोडे म्युलर यांनी मनातून काढले नाही. क्ष-किरणांनी गुणसूत्राचे तुकडे होतात. ते तुकडे पुन्हा जुळतात, कधी उलटे, कधी भलत्याच गुणसूत्राला. असे नाना प्रकार त्यांना माश्यांत आढळले. परंतु केवळ टोक गळून पडले आहे आणि उघडी पडलेली बाजू तशीच पिढ्यानपिढ्या टिकली आहे, असे एकही उदाहरण सापडेना. तुटलेली बाजू चिकट असते, ती दुसऱ्या तुटलेल्या बाजूला जाऊन मिळते. मूळचे टोक मात्र कशालाही चिकटत नाही. म्हणजे टोकाशी ते बंद करणारा काही खास भाग असला पाहिजे. १९३८ साली अमेरिकेतील वुड्स होल येथील व्याख्यानात त्यांनी अंत आणि भाग या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्याला टेलोमियर असे नाव दिले. त्याच सुमारास बार्बरा मॅक्लिंटॉक याही मक्याची गुणसूत्रे पाहून याच निष्कर्षाकडे येत होत्या. तुटलेली टोके जुळतात, पेशी दुभंगताना ताणून पुन्हा तुटतात आणि पुन्हा जुळतात, असे एक दुष्टचक्रच त्यांनी दाखवून दिले.

एडिंबरो येथे म्युलर यांच्या हाताखाली कोलकात्याचे एस. पी. रायचौधुरी संशोधन करीत होते. त्यांनी अत्यंत मंद किरणोत्सर्गात माश्यांना दीर्घकाळ ठेवले आणि एकूण मात्रा सारखी असेल तर हानीही सारखीच होते, असे दाखविले. याचा अर्थ म्युलर यांनी स्पष्ट केला : थोडेथोडे घेतलेले किरण विसरले जात नाहीत, त्यांची बेरीज होते. ही बेरीज अगदी अल्प मात्रांनाही तशीच लागू पडते का, याविषयी तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. पण डॉक्टर आणि तंत्रज्ञ शिशाच्या पडद्याआड उभे राहू लागले, त्यामागे या आग्रहाचा वाटा मोठा आहे.

१९४६ साली, हिरोशिमा आणि नागासाकी बेचिराख झाल्यानंतर वर्षभराने, म्युलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९५५ साली जिनिव्हा येथील अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयीच्या परिषदेत त्यांचा निबंध वाचला जाऊ नये, अशी व्यवस्था त्यांच्याच देशाच्या अणुऊर्जा आयोगाने केली. ते श्रोत्यांत बसले. उपस्थितांनी उभे राहून त्यांना मानवंदना दिली. त्यांची एक बाजू मात्र मनाला खटकते. निवडक पुरुषांच्या बीजातून मानवजात सुधारावी, हा विचार त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. वंशश्रेष्ठत्वाच्या नावाखाली चाललेल्या सुप्रजननाचा त्यांनी कठोर निषेध केला होता, हे खरे. तरीही कोणाचे बीज उत्तम हे ठरविणार कोण, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांच्या लेखनात मिळत नाही. ५ एप्रिल १९६७ रोजी इंडियानापोलिस येथे त्यांचे निधन झाले.

मानवी टेलोमियरची रचना उलगडली ती त्यांच्यानंतर. आपल्या ४६ गुणसूत्रांना ९२ टोके आहेत. त्या प्रत्येकावर डीएनएची टीटीएजीजीजी ही सहा अक्षरे हजारो वेळा गिरविलेली असतात, हे १९८८ साली कळले. नव्या साडीच्या पदराचे दोरे सुटू नयेत म्हणून गोंडे बांधतात, तसे हे आहे असे म्हणता येईल. पण ही उपमा अर्धीच लागू पडते, कारण येथे उसवण्याइतकेच भय भलतीकडे चिकटण्याचे आहे. पेशीतील दुरुस्ती यंत्रणा तुटलेला डीएनए दिसताच सांधायला धावते, आणि उघडे टोक तिला तुटल्यासारखेच दिसते. म्हणून टोकाचा एकेरी धागा मागे वळून दुहेरी डीएनएत शिरतो व फास तयार होतो, हे १९९९ साली दिसून आले. सहा प्रथिनांचा एक समूह या रचनेचे रक्षण करतो.

आघात होतो तो नेमका येथे. शरीरातील ऑक्सिडीकरणाचा जी या अक्षरावर विशेष डोळा असतो, आणि टेलोमियरमध्ये तीन जी लागोपाठ असतात. ते बिघडले की रक्षक प्रथिनांची पकड ढिली होते. फास उलगडला तर पेशी टोकालाच जखम समजते आणि विभाजन थांबविते. रक्षण पुरतेच नाहीसे झाले तर दोन गुणसूत्रांची टोके सांधली जातात आणि मॅक्लिंटॉक यांनी पाहिलेले दुष्टचक्र सुरू होते. टोके एकमेकांना जुळू नयेत म्हणून सांधण्याचे काम तेथे रोखून धरलेले असते. परिणामी टेलोमियरमध्येच डीएनएचे दोन्ही धागे तुटले, तर ती जखम इतर ठिकाणांपेक्षा अधिक काळ न भरता राहते.

यातील एक गंमत म्युलर यांना कळली असती तर ते खचित पुन्हा बाटल्यांकडे वळले असते. फळमाशीच्या टोकांवर ही सहा अक्षरे नसतातच. तिची टोके अगदी निराळ्या पद्धतीने राखली जातात. इतकेच नव्हे, तर टोक गमावूनही पिढ्यानपिढ्या तगणाऱ्या माश्या १९८०च्या दशकात सापडल्या.