बाबासाहेबांची काठी

तळेगाव दाभाडेला बाबासाहेबांचे घर आहे. मावळातले समाजबांधव तेथे नतमस्तक होतात आणि पुढे देहूरोडला जातात. २५ डिसेंबर १९५४ रोजी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना बाबासाहेबांनी तेथे केली. तेव्हा त्यांचे पाय त्यांना साथ देत नव्हते, हे मात्र आम्ही सहसा बोलत नाही. आमच्या पुतळ्यांतले बाबासाहेब ताठ उभे असतात, बोट उंचावून. त्यांच्या हातात काठी आम्ही कधी दिलीच नाही.

१४ एप्रिल १८९१ ला महूला जन्मलेल्या या महामानवाने कोलंबिया आणि लंडन पालथे घातले. १९४८ च्या सुरुवातीला संविधानाचा मसुदा तयार होत होता, तेव्हा मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी त्यांना ग्रासले होते. पुढे दृष्टीही मंदावली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ते मंचावर आले ते एका हातात काठी आणि दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर ठेवून. लाखोंना धम्म देणारा हा माणूस आधाराशिवाय चालू शकत नव्हता. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले.

१९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना त्यांच्या खात्यात कामगार विम्याची योजना आकाराला आली आणि १९४८ ला तिचा कायदा झाला. यंत्रात हात गमावलेल्या कामगाराला भत्ता मिळू लागला तो हक्क म्हणून, मालकाची दया म्हणून नव्हे. संविधानाच्या कलम ४१ मध्ये आजार, वार्धक्य यांच्याबरोबर अपंगत्वही आले. पण ते मार्गदर्शक तत्त्व. त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. कलम १५ च्या यादीत जात, धर्म, लिंग आहे, अपंगत्व नाही. हे मान्य करण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. स्वतंत्र कायद्यासाठी १९९५ उजाडावे लागले, मग २०१६ चा कायदा आला.

कार्ले-भाजे लेण्यांच्या पायऱ्यांसाठी पुरातत्त्व खात्याकडे बोट दाखवता येईल. वस्तीतले विहार तर आम्हीच बांधले ना? जोत्यावर चार-पाच पायऱ्या, रॅम्प नाही, कठडा नाही. जयंतीच्या मंचालाही लाकडी शिडी. कुबडीवाला भीमसैनिक खालूनच वंदना घेतो. १९५६ चे बाबासाहेब आले तर त्यांनाही आधी कोणाचा तरी खांदा शोधावा लागेल.

येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेच्या आधी रॅम्पचे पैसे बाजूला काढा, एवढेच मावळातल्या मंडळांना आमचे सांगणे आहे.