यंत्राला जोडलेली चार वर्षे

मार्च १९७७ मध्ये जनता पक्षाने लोकसभेची निवडणूक जिंकली आणि पंतप्रधान कोण, हा प्रश्न उभा राहिला. मोरारजी देसाई, जगजीवनराम आणि चरणसिंग या तिघांपैकी एकाची निवड करण्याचे काम जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी या दोन वृद्धांवर सोपविण्यात आले. कौल मोरारजींच्या बाजूने लागला. १९५७ पासून सलग सुरतेतून निवडून येणारा खासदार देशाचा पहिला बिगरकाँग्रेसी पंतप्रधान झाला. ज्या सुरतेत १९०७ साली काँग्रेस दुभंगली, त्या नगराचा प्रतिनिधी अनेक पक्षांच्या विलीनीकरणातून झालेल्या पक्षाचा नेता व्हावा, हा इतिहासाचा एक मिस्कील योग म्हणावा लागेल. हा निर्णय देणाऱ्या जयप्रकाशांचा आठवडा मात्र तेव्हा राजकारणाच्या नव्हे, तर डायालिसिसच्या वेळापत्रकाने बांधलेला होता.

११ ऑक्टोबर १९०२ रोजी सिताबदियारा या गंगा-शरयूच्या संगमाकाठच्या गावी जन्मलेले जयप्रकाश १९२२ मध्ये शिक्षणासाठी अमेरिकेस गेले. कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांत मजुरी करीत, उपाहारगृहांत भांडी घाशीत त्यांनी शिक्षणाचा खर्च भागविला. परतल्यावर कायदेभंगात तुरुंगवास घडला आणि नाशिकच्या कारागृहात अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता यांच्या सहवासात काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकारास आली. १९४२ च्या दिवाळीच्या रात्री हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून ते निसटले. पुढे पुन्हा पकडले गेल्यावर लाहोरच्या किल्ल्यात त्यांचा छळ झाला. त्याच किल्ल्यात राममनोहर लोहियाही होते. एप्रिल १९४६ मध्ये दोघांची सुटका झाली, आणि विश्रांतीसाठी असोळण्यास डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे आलेल्या लोहियांनी १८ जून रोजी मडगावात जे केले, ते गोमंतकीयांना सांगावयास नको.

स्वातंत्र्यानंतर सत्तेपासून दूर राहून जयप्रकाश भूदानाकडे वळले. १९७३ मध्ये पत्नी प्रभावती यांचे निधन झाले. त्यानंतरच्या वर्षी गुजरातेतील नवनिर्माण आंदोलनाने विद्यार्थ्यांच्या बळावर राज्य सरकार खाली खेचले, तेव्हा एकाकी झालेल्या या सत्तरीतील माणसाला पुन्हा वाट दिसली. ५ जून १९७४ रोजी पाटण्याच्या गांधी मैदानावरून त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली.

२६ जून १९७५ च्या पहाटे त्यांना दिल्लीत अटक झाली. जुलैपासून त्यांचा मुक्काम चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत, पण कैदी म्हणून, एकाकी खोलीत होता. मधुमेह जुनाच होता. सप्टेंबरच्या अखेरीपासून पोटातील वेदना आणि अशक्तपणा वाढत गेला. त्यांची प्रकृती पाहून धास्तावलेले तत्कालीन जिल्हाधिकारी एम. जी. देवसहायम यांनी सुटकेसाठी आग्रह धरला. १२ नोव्हेंबर रोजी पॅरोल मिळाला आणि काही दिवसांतच जयप्रकाशांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले. तेथे डॉ. एम. के. मणी यांच्या विभागात तपासणी झाली, तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे स्पष्ट झाले. बंदिवासात हेतुपुरस्सर हानी केली गेली, असा संशय अनेकांनी बोलून दाखविला. पण कट सिद्ध करण्याची गरजही नसावी. बंदिवासातील रुग्णाचा आजार इतका पुढे जाईपर्यंत त्याची उकल होऊ नये, हा दोषच पुरेसा गंभीर आहे.

डायालिसिस म्हणजे केवळ रक्तातील घाण काढून टाकणे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मूत्रपिंडाचे अधिक नाजूक काम क्षारांचा तोल राखण्याचे असते. निरोगी माणसाने चार केळी खाल्ली तरी जास्तीचे पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. मूत्रपिंडे बंद पडलेल्या रुग्णात ते रक्तात साचते, आणि एका मर्यादेपलीकडे गेले की हृदयाची लय बिघडून क्षणार्धात मृत्यू येऊ शकतो. म्हणून शहाळ्याचे पाणी, केळी, सुकामेवा हे आजाऱ्याला एरवी प्रेमाने दिले जाणारे पदार्थच या रुग्णाला वर्ज्य ठरतात. तरुणपणी द्राक्षमळ्यांत राबलेल्या जयप्रकाशांच्या वाट्याला मनुकादेखील जपून खाण्याचे दिवस आले. भाज्या चिरून पाण्यात भिजवायच्या, ते पाणी ओतून द्यायचे आणि मग शिजवायच्या, ही पद्धत तेव्हापासून आजवर डायालिसिसच्या घरांत चालत आली आहे. मिठाचे तर बोलायलाच नको. मिठाने तहान लागते, तहानेने पाणी पोटात जाते, आणि ते बाहेर पडायला वाट नसल्याने पावले सुजतात, छातीत पाणी भरते. आपल्याकडच्या सुक्या बांगड्याचा एक तुकडा अशा रुग्णाची रात्र बिघडवू शकतो.

फॉस्फरसची गोष्ट अधिक कावेबाज आहे. तो बहुतांशी पेशींत आणि हाडांत दडलेला असतो आणि रक्तात सावकाश उतरतो. त्यामुळे चार तासांच्या डायालिसिसने त्याचा थोडाच भाग निघतो. रक्तात फॉस्फरस वाढतो, कॅल्शियम घटते. ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देणारे मूत्रपिंड बंद असल्याने अन्नातील कॅल्शियमही नीट शोषले जात नाही. मग गळ्यातील परावटू ग्रंथी हाडांतून कॅल्शियम ओढून काढू लागतात आणि हाडे आतून पोखरली जातात. सत्तरच्या दशकात फॉस्फरस अडविण्यासाठी जेवणाबरोबर ॲल्युमिनियमयुक्त औषध देण्याचा प्रघात होता. एका वेळच्या डायालिसिसला शंभर लिटरहून अधिक पाणी लागते. त्या पाण्यातील आणि या औषधातील ॲल्युमिनियम मेंदूत साचून रुग्णांची वाचा व स्मृती जाते, याकडे डेन्व्हर येथील डॉक्टरांनी १९७६ मध्ये लक्ष वेधले. म्हणजे जयप्रकाश यंत्रावर होते त्या वर्षांत हे शास्त्र स्वतःच चाचपडत होते.

खर्चाचा प्रश्नही होताच. सत्तेचे कोणतेही पद न भूषविलेल्या या माणसापाशी संपत्ती नव्हती. मित्रांनी ठरविले की यंत्राचे पैसे लोकांकडून एकेका रुपयाच्या वर्गणीतून उभे करायचे. इंदिरा गांधींनी पंतप्रधान निधीतून ९० हजार रुपये पाठविले. ते परत गेले. आणीबाणीच्या धाकातही लोकांच्या नाण्यांतून यंत्र आले. त्या मदतीचे ओझे जयप्रकाशांना वाटत राहिले असेल, कारण देशातील बहुसंख्य मूत्रपिंडरुग्णांना तेव्हा असा उपचार स्वप्नातही शक्य नव्हता.

जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या. दोन डायालिसिसांमधल्या दिवसांत सभा बसविल्या जाऊ लागल्या. मधला दिवस लांबला की पोटॅशियम चढते, अंगात पाणी साठते, श्वास लागतो. ठरल्या वेळी यंत्राकडे परतणे भागच असते. प्रचारात प्रकृती ढासळली, तरी विरोधकांना एका छत्राखाली बांधून ठेवणारी शक्ती त्यांचीच होती. २४ मार्च रोजी राजघाटावर जनता पक्षाच्या खासदारांना त्यांनी प्रतिज्ञा दिली. मे महिन्यात ते उपचारांसाठी सिएटलला गेले. पन्नास वर्षांपूर्वी ज्या देशात त्यांनी मजुरी केली, त्याच देशातील या शहरात १९६० मध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हाताच्या रक्तवाहिन्यांत कायमची टेफ्लॉनची नळी बसवून दीर्घकाळ डायालिसिस शक्य करून दाखविले होते.

नंतरची दोन वर्षे कडवटच गेली. सत्तेत आलेली माणसे आपसांत भांडू लागली. मोरारजी सल्ल्यासाठी फारसे फिरकत नसत, आणि जयप्रकाशांची व्यथा आल्यागेल्यांजवळ व्यक्त होई. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये अत्यवस्थ असताना पंतप्रधानांनी संसदेत त्यांच्या निधनाची घोषणा केली. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, कामकाज थांबले, दुकाने बंद झाली. बातमी खोटी होती. ज्याला आपणच पंतप्रधानपदी बसविले, त्याच्या मुखाने मरणाची वार्ता निघावी आणि ती आपण जिवंत असताना निघावी, असा प्रसंग क्वचितच कोणाच्या वाट्याला आला असेल.

जुलैत मोरारजींचे सरकार कोसळले. जयप्रकाश पाटण्यातील कदमकुआँच्या घरी होते. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पहाटे, सत्त्याहत्तराव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले असताना, त्यांच्या हृदयाची गती थांबली.